फॉर्म्युला टूची स्प्रिंट शर्यत पहिल्यांदा पाहताना : शुक्रवारची यादी हाताशी ठेवा

फॉर्म्युला वनच्या अनेक शर्यतींच्या शनिवार-रविवारी त्याच ट्रॅकवर फॉर्म्युला टू या मालिकेतल्या तरुण चालकांच्याही शर्यती होतात आणि त्यांतली शनिवारची छोटी शर्यत म्हणजे स्प्रिंट. पुण्यात फॉर्म्युला वन न चुकता पाहणारी पुष्कळ मंडळी आहेत, पण त्यांच्यातले बरेच जण ही शर्यत सोडून देतात. चालकांची नावे ओळखीची नसतात, गाड्या सगळ्या सारख्या दिसतात आणि सर्वांत पुढे जो उभा आहे तो तिथे का उभा आहे, याचा पत्ता लागत नाही. माझ्याही बाबतीत सुरुवातीला असेच झाले होते. आता आमच्या कोथरूडच्या घरी शनिवारी चार-सहा जण ही शर्यत पाहायला जमतात, त्यांत दर वेळी एखादा नवा माणूस असतो आणि त्याला मी जे समजावून सांगते तेच येथे क्रमाने लिहीत आहे. स्प्रिंट शर्यत नुसती पडद्याकडे पाहून कळत नाही. शुक्रवारी वेगाच्या चाचणीत ठरलेली चालकांची क्रमवार यादी कागदावर उतरवून घेतली, तरच ती कळते.

गाडी आणि चालक यांच्याविषयी थोडेसे

लहानपणी कार्टिंग, वयाच्या पंधराव्या वर्षापासून फॉर्म्युला फोर, मग फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला टू आणि शेवटी फॉर्म्युला वन, अशी ही चढण आहे. या सर्व एकआसनी, उघड्या चाकांच्या गाड्या आहेत. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः घडवतो. फॉर्म्युला टूमध्ये मात्र सर्वांना दल्लारा कंपनीचा एकाच नमुन्याचा सांगाडा, मेकाक्रोमचे ३.४ लिटरचे टर्बो इंजिन आणि पिरेलीचे टायर घ्यावे लागतात. इंजिनाची ताकद सुमारे ६२० अश्वशक्ती असते. ११ संघ, प्रत्येकाच्या दोन अशा २२ गाड्या मैदानात उतरतात. गाडी सारखीच असल्यामुळे फरक पडतो तो चालकाच्या हातात आणि गाडी बसवणाऱ्या अभियंत्यांच्या व मेकॅनिकांच्या कामात, आणि ही शर्यत मनापासून पाहण्याजोगी वाटते ती त्याचमुळे. शार्ल लक्लेर, जॉर्ज रसेल आणि ऑस्कर पियास्त्री हे तिघेही फॉर्म्युला टूचे विजेतेपद मिळवून वर गेले.

फॉर्म्युला वन चालवण्यासाठी जो सुपर परवाना लागतो, त्याला ४० गुणांची अट आहे. फॉर्म्युला टूच्या वर्षअखेरच्या क्रमवारीत पहिल्या तिघांत आलेल्याला हे ४० गुण एकदम मिळतात. त्यामुळे स्प्रिंटमध्ये सातव्या क्रमांकासाठी दोन मुले एकमेकांना चाकाएवढीही जागा सोडत नाहीत, तेव्हा ती दोन गुणांसाठी अंगावर येत आहेत असे समजू नये. त्यांच्यापुढे पुढच्या वर्षीची नोकरी उभी असते.

पहिले काम शुक्रवारी करायचे

शुक्रवारी आधी ४५ मिनिटांचा सराव होतो आणि नंतर ३० मिनिटांचे क्वालिफाइंग, म्हणजे रांग ठरवणारी वेगाची चाचणी. खेड, जुन्नर, आंबेगाव या भागातल्या घाटांवर बैलगाडा शर्यत पाहिलेल्या वाचकाला क्वालिफाइंग समजावून सांगावे लागत नाही. तिथे एका वेळी एकच गाडा सुटतो आणि त्याची लढत शेजारच्या गाड्याशी नसून घड्याळाशी असते. इथेही ट्रॅकवर बऱ्याच गाड्या एका वेळी असल्या तरी प्रत्येकाचा सामना सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या घड्याळाशीच असतो. ज्याची एक फेरी सर्वांत कमी वेळात होते तो यादीत पहिला. मोनॅकोसारख्या अरुंद ट्रॅकवर गर्दी टाळण्यासाठी चालकांचे दोन गट पाडून क्वालिफाइंग घेतले जाते.

ही यादी एका कागदावर डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत लिहून काढावी. आडनाव आणि गाडीचा क्रमांक एवढे पुरते. मग उजव्या बाजूला शनिवारची रांग लिहावी आणि ती लिहिताना पहिले दहा जण उलटे करावेत. शुक्रवारचा दहावा शनिवारी सर्वांत पुढे, नववा त्याच्या शेजारी, आठवा तिसरा, असे करत शुक्रवारी सर्वांत वेगवान ठरलेला चालक दहाव्या जागी येतो. अकराव्यापासून शेवटपर्यंतचा क्रम जसाच्या तसा राहतो. एखाद्याला शिक्षा म्हणून काही जागा मागे ढकलले असेल, तर त्याप्रमाणे दुरुस्ती करावी.

माझा अकरा वर्षांचा भाचा पहिल्यांदा शर्यत पाहायला बसला, तेव्हा त्याने कागदाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने पाहून विचारले होते, "मावशी, हा तर काल दहावा होता ना? मग आज सगळ्यांच्या पुढे कसा?" हा प्रश्न ज्याला पडला त्याला अर्धी शर्यत कळली. रांग उलटी करण्यामागचा हेतू असा की, सारख्या गाड्यांत वेगवान चालक पुढे आणि संथ चालक मागे उभे केले तर मागे टाकण्याचे प्रसंग फारसे येणारच नाहीत. वेगवान चालकांना गर्दीतून वाट काढता येते की नाही, आणि शुक्रवारी मागे राहिलेल्यांना मिळालेली आघाडी टिकवता येते की नाही, अशी दोघांचीही परीक्षा एकाच वेळी होते.

गुणांचा हिशेब

कागदाच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहून ठेवाव्यात. स्प्रिंटमध्ये पहिल्या आठ जणांना अनुक्रमे १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण मिळतात. रविवारच्या मोठ्या शर्यतीत पहिल्या दहा जणांना २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १ असे मिळतात. क्वालिफाइंगमध्ये पहिला आलेल्याला २ गुण, आणि पहिल्या दहांत राहून सर्वांत वेगवान फेरी मारणाऱ्याला प्रत्येक शर्यतीत १ गुण.

यातली महत्त्वाची गोष्ट ही की रविवारची रांग शनिवारच्या निकालावर ठरत नाही. ती शुक्रवारच्याच यादीवरून, आणि तीही सुलटी लागते. म्हणजे शनिवारी दहाव्या जागेवरून निघणारा चालक रविवारी पहिल्या जागेवरून निघणार असतो. शनिवारी जिंकला तरी त्याला १० गुण, म्हणजे रविवारच्या पाचव्या क्रमांकाइतके. पण शनिवारी गाडी भिंतीवर घातली, तर मेकॅनिकांना रात्रभर जागून ती उभी करावी लागते आणि रविवारचे २५ गुण धोक्यात येतात. म्हणून तो एखाद्या वळणावर आत घुसायची संधी सोडून देतो, तेव्हा "घाबरला" असे म्हणण्याची घाई करू नये. दहाव्यावरून निघून पाचव्या क्रमांकावर शांतपणे आलेला चालक मला अनेकदा त्या दिवसाचा सर्वोत्तम चालक वाटतो, पण त्याला व्यासपीठावर कोणी बोलावत नाही आणि कॅमेराही त्याच्यावर फार वेळ थांबत नाही. तो दिसतो फक्त कागदावर.

थोडे थोडे गुण गोळा करण्याची किंमत किती असते, याचा दाखला एक पायरी खालच्या फॉर्म्युला थ्रीमध्ये मिळतो. २०२४ मध्ये लिओनार्दो फोर्नारोलीने संपूर्ण हंगामात एकही शर्यत न जिंकता तिथले विजेतेपद मिळवले आणि पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, तो फॉर्म्युला टूचाही विजेता झाला.

शनिवारी वेळेवर बसा

युरोपातल्या बहुतेक शर्यतींची स्थानिक वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी मागे असते, त्यामुळे तिथली दुपारची शर्यत आपल्याकडे संध्याकाळच्या चहाच्या सुमारास येते. इतर खंडांतल्या शर्यतींसाठी वेळ दर वेळी तपासावी. स्प्रिंट १२० किलोमीटरची असते आणि फार तर ४५ मिनिटे चालते. मोनॅकोत अंतर १०० किलोमीटर. एवढ्या कमी वेळात पहिली पाच मिनिटे चुकली, तर पुढचे सगळे तुटक दिसते. म्हणून सुरुवातीच्या दहा मिनिटे आधीच बसावे.

सुरुवात : पडद्याच्या मधोमध पाहा

गाड्या आधी एक सावकाश फेरी मारतात. या फेरीत चालक गाडी डावी-उजवीकडे झुलवत नेतात, मध्येच जोरात ब्रेक मारतात. फॉर्म्युला टूमध्ये टायर गरम ठेवणारी विजेची आवरणे वापरायला बंदी आहे, त्यामुळे टायर थंड असतात, थंड रबर रस्त्याला धरत नाही आणि ते तापवण्यासाठी चालकाकडे एवढी एकच फेरी असते. पहिल्या वळणावर एखादी गाडी सरळ निघून जाते, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असते.

मग पाच लाल दिवे एकामागून एक लागतात आणि सगळे एकदम विझतात. नवा प्रेक्षक साहजिकच सर्वांत पुढच्या गाडीकडे पाहतो. मी सांगेन की सहाव्यापासून बाराव्यापर्यंतच्या घोळक्याकडे पाहावे. शुक्रवारचे वेगवान चालक या भागात कोंडलेले असतात, त्यांच्या मागे अकरावा आणि बारावा ज्यांना उलट्या रांगेचा काही फायदा मिळालेला नाही असे दोघे चिडीने निघालेले असतात, आणि पहिल्या वळणावर कात्रीत सापडण्याची भीती इथेच सर्वाधिक असते. पहिली फेरी संपताच पडद्याच्या डाव्या बाजूला दिसणारा क्रम उजव्या रांगेपुढे लिहून घ्यावा. कोण किती जागा वर आला आणि कोण घसरला, हे त्या एका रकान्यातून लगेच कळते.

मधल्या फेऱ्या : हवा आणि रबर

या भागात नवखे प्रेक्षक कंटाळतात, कारण त्यांना रांगेत धावणाऱ्या गाड्यांपलीकडे काही दिसत नाही. इथे दोन गोष्टी चालू असतात.

पहिली हवेची. पुण्यात ज्यांनी सायकल चालवली आहे त्यांना ठाऊक आहे की वारा समोरून असताना पुढच्या सायकलच्या मागे चिकटून राहिले की पायांवरचा भार कमी होतो. सरळ रस्त्यावर मागच्या गाडीलाही पुढच्या गाडीच्या आडोशाचा असाच फायदा मिळतो. वळणावर मात्र हाच आडोसा वैरी होतो. गाडीचे पंख वाहत्या हवेच्या जोरावर तिला रस्त्यावर दाबून धरतात आणि पुढच्या गाडीने घुसळलेली हवा मिळाली की ही दाब धरण्याची शक्ती घटते, गाडी घसरू लागते, टायर जास्त झिजतात. म्हणून मागचा चालक वळणांच्या मालिकेत थोडे अंतर राखतो आणि सरळ रस्त्याच्या तोंडाशी येऊन चिकटतो. ठरावीक ठिकाणी मोजलेले अंतर एका सेकंदाच्या आत असेल, तर सरळ रस्त्यावर त्याला मागच्या पंखाची पट्टी उघडण्याची मुभा मिळते आणि वेग वाढतो. यालाच डीआरएस म्हणतात. पडद्यावर अंतर १.४, १.२, ०.९ असे उतरताना दिसले की पुढच्या सरळ रस्त्यावर काहीतरी घडणार, हे ओळखावे.

दुसरी गोष्ट टायरची. स्प्रिंटमध्ये पिट स्टॉप, म्हणजे टायर बदलण्यासाठी ट्रॅकलगतच्या पिटमध्ये थांबणे, सक्तीचा नसतो, त्यामुळे कोरड्या ट्रॅकवर बहुतेक सगळे सुरुवातीचेच टायर शेवटपर्यंत नेतात. पहिल्या दहा फेऱ्यांत तावातावाने पळणारा शेवटच्या पाच फेऱ्यांत लंगडू लागतो. मी कागदावर दर पाच फेऱ्यांनी पहिल्या आठ जणांमधली अंतरे लिहिते. एखादा चालक मध्यावर मुद्दाम दोन सेकंद मागे राहिला आणि शेवटी दर फेरीला अर्धा सेकंद कापू लागला, तर त्याने काय राखून ठेवले होते ते या आकड्यांत दिसते.

सेफ्टी कार आणि वेळेची शिक्षा

अपघात झाला आणि गाडी ट्रॅकवर अडकली की सर्वांचा वेग कमी ठेवणारी सेफ्टी कार येते, सगळे तिच्या मागे रांगेत येतात आणि कमावलेली आघाडी पुसली जाते. आता जर एखाद्या चालकाला आधीच पाच सेकंदांची शिक्षा झालेली असेल, तर त्याची खरी पंचाईत होते. ट्रॅकची पांढरी रेष वारंवार ओलांडणे, दुसऱ्याला ढकलणे अशा कारणांनी ही शिक्षा होते आणि पिट स्टॉप नसल्यामुळे ती शर्यत संपल्यावर एकूण वेळेत मिळवली जाते. गाड्या लांबवर पसरलेल्या असतील तर पाच सेकंदांत एखादीच जागा जाते. सेफ्टी कारने सगळ्यांना एकत्र आणल्यानंतर शर्यत दोन-चार फेऱ्यांत संपली, तर तेच पाच सेकंद सहा-सात जागा गिळतात. म्हणून शिक्षा जाहीर होताच त्या नावापुढे खूण करावी आणि शेवटच्या रेषेवरचा क्रम अंतिम समजू नये.

२०२४ च्या बुडापेस्टच्या स्प्रिंटमध्ये रिचर्ड वर्शूर सर्वांत आधी रेषेपार गेला. नंतरच्या तपासणीत त्याची गाडी तांत्रिक नियमांत बसत नसल्याचे आढळले, त्याला बाद करण्यात आले आणि बंगळूरुचा कुश मैनी विजेता ठरला. हा मैनीचा फॉर्म्युला टूमधला पहिला विजय. ज्यांनी शर्यत संपल्याचा चेकर्ड झेंडा पडताच टीव्ही बंद केला, त्यांना तो दुसऱ्या दिवशी बातमीतून कळला.

एक शर्यत नमुन्यादाखल

२४ मे २०२५ च्या शनिवारी संध्याकाळी पुण्यात पावसाळी हवा होती आणि आमच्याकडे वीज राहील की जाईल याचीच चिंता होती. मोनॅकोच्या क्वालिफाइंगमध्ये कुश मैनी दहावा होता, म्हणजे माझ्या कागदावर डावीकडे दहावा आणि उजवीकडे पहिला. ३.३३७ किलोमीटरची एक फेरी, अशा ३० फेऱ्या. मोनॅकोत मागे टाकायला जागा जवळजवळ नाहीच, त्यामुळे पुढून निघालेल्याचे काम सोपे, असे तिथे बसलेल्या एकाने म्हटले. ते अर्धेच खरे आहे. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, चूक करायला एक हाताचीही मोकळीक नाही आणि सुरुवातीला गाडी जराशी अडखळली तरी सगळे संपले. मैनीने सुरुवात नेमकी साधली आणि ती आघाडी शेवटपर्यंत सोडली नाही. मोनॅकोत फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. तिथे आपले राष्ट्रगीत वाजले, तेव्हा आमच्या घरातली सगळी माणसे न सांगता उभी राहिली होती.

उलट्या रांगेतला विजय हा फुकटचा विजय, असे म्हणणारे लोक भेटतात. मला ते पटत नाही. रांग जागा देते, विजय देत नाही. दर स्प्रिंटला कोणी ना कोणी दहावा पुढे उभा असतो आणि त्यांतले कितीतरी जण दुसऱ्या फेरीपर्यंत मागे पडलेले असतात. आपल्या चालकांचा इतिहासही पाहावा. करुण चंढोकने २००७ मध्ये बेल्जियममधल्या स्पाला, फॉर्म्युला टूच्या आधीच्या जीपीटू मालिकेत, पहिला विजय मिळवला तो स्प्रिंटमध्ये. मुंबईच्या जेहान दारूवालाने २०२० मध्ये बहारीनमधल्या साखिरला फॉर्म्युला टूमधला पहिला विजय मिळवला, तोही स्प्रिंटमध्ये. त्या काळी रांग क्वालिफाइंगवरून नव्हे, तर मोठ्या शर्यतीच्या निकालातले पहिले आठ उलटे करून लागत असे. मैनीचा पहिला विजयही स्प्रिंटमधलाच. भारतीय चालक कसे पुढे आले हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला ही छोटी शर्यत टाळता येणार नाही.

फॉर्म्युला थ्री पाहायची असेल तर

पद्धत तीच, आकडे निराळे. १० संघांच्या ३० गाड्या, सुमारे ३८० अश्वशक्ती, पहिले बारा उलटे होतात आणि स्प्रिंटमध्ये पहिल्या दहा जणांना १० पासून १ पर्यंत गुण मिळतात. गर्दी जास्त असल्यामुळे कागद मोठा घ्यावा. माझ्या मते सुरुवात फॉर्म्युला टूपासून करावी. तीस नावे एकदम लक्षात राहत नाहीत.

प्रत्यक्ष ट्रॅकवर जायचे असेल तर

पुण्याजवळ एकआसनी गाड्यांच्या मोठ्या शर्यतींचा ट्रॅक नाही. देशातले नेहमीचे ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७१७ किलोमीटरचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट आणि कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे. पुण्याहून चेन्नईला थेट रेल्वे आणि विमान दोन्ही आहेत. २०२३ पासून भारतात फॉर्म्युला फोरची मालिका सुरू आहे आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस चेन्नई शहरातल्या रस्त्यांवर तिची रात्रीची शर्यतही झाली. २०२४ चे राष्ट्रीय विजेतेपद जिंकणाऱ्या डायना पुंडोळे या पुण्याच्याच. ते विजेतेपद त्यांनी बंद टपाच्या गाड्यांच्या गटात मिळवले. प्रत्यक्ष जाताना कानात घालायचे बोळे, टोपी आणि भरपूर पाणी न्यावे, आणि बसण्यासाठी मोठ्या सरळ रस्त्याच्या टोकाचे वळण निवडावे, कारण ब्रेक कोण किती उशिरा मारतो हे तिथून उघड्या डोळ्यांना दिसते. पडद्यावरची मदत तिथे नसते. पण प्रत्येक फेरीला पुढून जाणाऱ्या गाड्यांचे क्रमांक लिहिण्याची सवय असेल, तर काही अडत नाही.

आणि शनिवारी रात्री कागद टाकून देऊ नका. रविवारची शर्यत १७० किलोमीटरची असते, तिच्यात किमान एकदा पिटमध्ये जाऊन टायर बदलणे सक्तीचे असते आणि तिची रांग म्हणजे तुमच्या कागदाच्या डाव्या बाजूची यादी. पिट स्टॉपची फेरी लिहिण्यासाठी तिच्यापुढे एक रकाना आखून ठेवा.